पायीची वहाण

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण फारसा विचार न करता वापरतो. कोणी आपली पायरी सोडून बोलला असे वाटले की ती आपसूक ओठांवर येते. म्हणीत वहाण हे निमित्त. बोलायचे असते माणसाबद्दल. काही माणसांची जागा खाली असते, ती त्यांनी ओळखून असावे आणि ती दाखवून देण्याचा हक्क म्हण वापरणाऱ्याला असावा, एवढे सगळे त्या चार शब्दांत गृहीत धरलेले आहे. छत्तीसगढातल्या रायपूर शहरात आज ही म्हण अगदी शब्दशः मोडली जाते आहे. स्नीकर जमवणाऱ्या तरुणांच्या घरांत वहाण पायात नसते. ती भिंतीवरच्या फळीवर, पारदर्शक खोक्यात, मूळ कागदात गुंडाळलेली आणि दुसऱ्या रंगाच्या नाडीसकट जपून ठेवलेली असते. कोणता जोड कोणत्या साली निघाला, कोणत्या खेळाडूच्या नावाने निघाला, त्याचा तळवा पिवळा पडू नये म्हणून काय करायचे, याची माहिती या तरुणांना तोंडपाठ असते. वडीलधाऱ्यांना यात पैशाची उधळपट्टी दिसते आणि परदेशाची नक्कल दिसते. माझे म्हणणे वेगळे आहे. पादत्राणाने माणसाची ओळख सांगण्याचा, आणि ती ओळख कोणी ठरवायची यावरून झगडण्याचा छत्तीसगढचा इतिहास निदान २०० वर्षांचा आहे. स्नीकरचा छंद बाहेरून आला हे खरे, पण तो ज्या जमिनीवर उतरला ती कोरी नव्हती. तो इतिहास समोर ठेवल्याखेरीज या छंदाचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल.

आधी या छंदाचे मूळ पाहू. कापडी वरचा भाग आणि रबरी तळवा असलेला बूट एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया सापडल्यावर शक्य झाला. चालताना त्याचा आवाज होत नसे, दबक्या पावलांनी जाता येई, त्यावरून अमेरिकेत त्याला स्नीकर हे नाव पडले. कॉन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार १९१७ साली बास्केटबॉलसाठी बाजारात आला. पण बूट जमवण्याची संस्कृती उभी राहिली ती पुढे, न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित वस्त्यांमधून. १९८५ साली नायकेने मायकल जॉर्डनच्या नावाचा बूट काढला. त्याआधी काही महिने बास्केटबॉल संघटनेने लाल-काळ्या रंगाच्या बुटांना नियमाविरुद्ध ठरवले होते. कंपनीने त्या मनाईचीच जाहिरात केली: मैदानावर हा बूट बंद आहे, तुम्हाला मात्र तो घालण्यापासून कोणी अडवू शकत नाही. पुढच्याच वर्षी रन-डीएमसी या रॅप गटाने आपल्या आदिदास बुटांवर गाणे केले आणि मैफलीत हजारो लोकांनी पायातले बूट काढून डोक्यावर उंच धरले. जी वस्तू पायात राहायची ती डोक्यावर गेली. या संस्कृतीची जन्मकथाच मुळी मनाई झालेल्या बुटाची आहे. अमेरिकेत त्या मनाईचा विक्रीसाठी कसा उपयोग झाला हे सर्वांना माहीत आहे. रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत पादत्राणावरची मनाई खरी होती, तिच्यामागे लाठी होती आणि तिची जाहिरात कधी झाली नाही.

मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. उलट त्यात आपला वाटा आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ साली रतनपुरावर चालून गेले आणि छत्तीसगढात मराठी अंमलाची सुरुवात झाली. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून राज्य करत होते. दसऱ्याला सोने लुटण्याची रीत, मोडी लिपी, मराठी कारभारी घराणी ही सारी त्या काळाची देणगी. रायपूरचा तात्यापारा आजही त्या वस्तीची खूण सांगतो. पण त्याबरोबर महसुलाची नवी घडी आली, गावांचे मालक बदलले आणि वरच्या जातींच्या हाती जमीन अधिक गोळा झाली. त्याच काळात, १७५६ साली, तेव्हाच्या रायपूर मुलखातल्या गिरौदपुरी या गावी घासीदासांचा जन्म झाला. ते ज्या जातीत जन्मले तिच्यावर मेलेली गुरे ओढण्याचा आणि कातडे कमावण्याचा शिक्का होता. त्यांनी सतनामाचा उपदेश केला, मूर्तिपूजा नाकारली, दारू आणि मांस वर्ज्य केले आणि सगळी माणसे सारखी आहेत असे सांगितले. त्यांचे अनुयायी सतनामी झाले. १९०१ च्या खानेसुमारीत स्वतःला सतनामी म्हणवणाऱ्यांची संख्या सुमारे ४ लाख होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदीप्रमाणे छत्तीसगढातला हा समाज मुख्यतः शेती आणि मजुरी करणारा होता. म्हणजे ज्यांना साऱ्या मुलखाने चामड्याशी बांधून ठेवले होते त्यांनी चामड्याचे काम बऱ्याच अंशी सोडले होते, आणि ते सोडणे ही त्यांच्या नव्या ओळखीची खूण होती.

या समाजावरची बंधने शरीरावर दिसणारी होती. घोड्यावर बसू नये, छत्री उघडू नये, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दारावरून पायात पनही घालून जाऊ नये. छत्तीसगढी बोलीतला ‘पनही’ आणि मराठीतली ‘वहाण’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘उपानह्’पासून आले आहेत. शब्द सख्खे आहेत, आणि त्या शब्दांभोवतीची शिस्तही सख्खी होती. महाराष्ट्रातल्या गावागावांत महारामांगांना वाड्यापुढून जाताना वहाणा काढून हातात धराव्या लागत. इंद्रावतीपासून कृष्णेपर्यंत हाच शिरस्ता. घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी ही चौकट उघडपणे मोडली. त्यांनी जानवे घातले, हत्तीवरून प्रवास केला, सोबत हत्यारबंद माणसे ठेवली. १८६० साली रायपूरच्या वाटेवर एका मुक्कामी रात्री त्यांचा खून झाला. त्यांनी कोणाची जमीन बळकावली नव्हती की खजिना लुटला नव्हता. अंगावर काय घालायचे आणि कशावर बसायचे हे त्यांनी स्वतः ठरवले, हा त्यांचा गुन्हा. पेहरावाला आपण सहज वरवरची गोष्ट म्हणतो, तेव्हा ही हत्या आठवावी. जिथे वेशासाठी माणसाचा जीव घेतला जातो, तिथे वेश हा वरवरचा विषय राहत नाही. त्याच मुलखात १८९० च्या दशकात चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून रामनामी पंथ सुरू झाला. देवळाचे दार बंद आहे म्हणून या माणसांनी रामाचे नाव अंगभर गोंदवून घेतले. कपाळ, पापण्या, हात, पाय, सगळीकडे. शरीरालाच आपले म्हणणे सांगायला लावण्याची ही रीत छत्तीसगढने कोणाकडूनही उसनी घेतलेली नाही.

पादत्राणाचा हा झगडा खालच्या जातींपुरता होता असेही नाही. इंग्रजी राज्यात वरच्या वर्गालाही त्याचा चटका बसला. साहेबाच्या कचेरीत शिरताना देशी माणसाने जोडे दाराशी काढावेत, असा कंपनी सरकारचा दंडक होता. आपल्याकडे देवळात आणि वडीलधाऱ्यांसमोर जोडे काढतात, मग साहेबासमोर का नकोत, असा सरकारचा युक्तिवाद. युरोपी धाटणीचे बूट घातलेल्या देशी गृहस्थांना सरकारी समारंभांत ते न काढण्याची मुभा गव्हर्नर जनरलच्या सरकारने दिली ती १८५४ साली. हेच ते साल, ज्या साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि रायपूर थेट कंपनीच्या अमलाखाली गेले. त्यानंतरही सुरतेच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना १८६२ साली बूट काढायला सांगण्यात आले, त्यांनी नकार दिला आणि त्यावरून पश्चिम हिंदुस्थानात मोठा वाद पेटला. या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. सरकारने सवलत दिली ती विलायती बुटांना, देशी जोड्यांना नव्हे. म्हणजे एकाच पायाचा मान त्यावर काय चढवले आहे यावर ठरत होता. रायपुरातला वकील किंवा शिरस्तेदार विलायती बूट घेऊ लागला तेव्हा त्याने केवळ पाय झाकण्याची सोय विकत घेतली नव्हती. उंबरठ्यावर न वाकण्याचा परवाना विकत घेतला होता. ब्रँडच्या नावात प्रतिष्ठा असते हे आजच्या पिढीने शोधून काढले, असे म्हणणाऱ्यांनी १८५४ चा तो ठराव लक्षात ठेवावा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. छत्तीसगढ हा भाताचा मुलूख. आषाढापासून कार्तिकापर्यंत बांधावर चिखल, शेतात पाणी. अशा ठिकाणी बहुसंख्य लोक अनवाणी राहिले ते चिखलामुळे आणि गरिबीमुळे; त्यात सगळीकडे जातीची मनाई शोधणे कशाला? चिखल आणि गरिबी दोन्ही खरी आहेत. पण चिखलावर या लोकांनी तोड काढली होती. श्रावण अमावास्येला हरेलीचा सण येतो, तेव्हा घरोघर बांबूच्या गेड्या, म्हणजे वर पाय ठेवून चालायच्या उंच काठ्या, तयार होतात. पाऊल ठेवायचा आडवा तुकडा नारळाच्या दोरीने असा आवळतात की चालताना रच-रच असा आवाज निघावा. तो आवाज मोठा व्हावा म्हणून दोरीवर रॉकेलही घालतात. चिखलावरून कोरड्या पायाने जाण्याचे साधन सणाची मिरवणूक होते, आणि कोणाच्या गेडीचा आवाज खणखणीत याची चढाओढ लागते. कोरड्या दिवसांसाठी भंदई होती, गावच्या मोच्याने जाड कातड्याची बांधलेली चप्पल. म्हणजे पादत्राण माहीत होते, ते करणारे हात गावात होते, आणि ते दाखवण्याची हौसही होती. प्रश्न होता तो ते कोणी, कुठे आणि कोणासमोर घालायचे याचा. चिखल सर्वांना सारखाच लागतो. मालगुजाराच्या अंगणासमोरून जाताना मात्र एकाच्या पायात पनही राहत होती आणि दुसऱ्याच्या हातात येत होती. हा फरक चिखलाने केलेला नाही. देवळाबाहेर चप्पल काढण्याशीही त्याची तुलना होत नाही, कारण देवळाबाहेर सगळेच काढतात.

दुसरीकडे हीच भूमी पादुका डोक्यावर घेणारी आहे. रायपूरजवळचे चंदखुरी हे कौसल्येचे माहेर मानले जाते, आणि कौसल्येच्या मुलाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरताने राज्य चालवले ही गोष्ट इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. फाल्गुनात गिरौदपुरीला मेळा भरतो, तेव्हा घासीदासांच्या चरणपादुकांवर लोकांची श्रद्धा एकवटते. आपल्याकडे आळंदी-देहूच्या पालख्यांतून पादुकाच पंढरीला जातात. पावलाचा ठसा उमटलेली वस्तू माणसाच्या जागी उभी राहू शकते, हा अनुभव आपल्या श्रद्धेत खोल रुजलेला आहे. त्यामुळे पादत्राण आपल्या संस्कृतीत सर्वात हीन वस्तूही आहे आणि सर्वात पूज्य वस्तूही. हीन की पूज्य हे चामड्यावर किंवा लाकडावर ठरत नाही, ते कोणाच्या पायातले यावर ठरते. नेमक्या याच तत्त्वावर स्नीकर जमवणारा एखाद्या खेळाडूच्या नावाचा जोड जपतो. त्याची भक्ती आणि वारकऱ्याची भक्ती एका तोलाची आहे असे मी म्हणत नाही, ती नाही. पण पायातली वस्तू फळीवर ठेवून जपणे हा आपल्या संस्कारांना धक्का आहे, हे म्हणणे टिकत नाही. आपण शतकानुशतके ते करत आलो आहोत.

मान मागण्याची भाषा विसाव्या शतकात कागदावर आली. १९२० च्या दशकात सतनामी महासभा उभी राहिली. तिच्यामागे नैनदास, अगमदास यांच्यासारखे सतनामी पुढारी होते, राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा होते आणि वऱ्हाडातले अस्पृश्यांचे पुढारी गणेश आकाजी गवई होते. या समाजाला सरकारी कागदात जातीच्या जुन्या नावाने नव्हे, ‘सतनामी’ म्हणून नोंदवावे ही मागणी मध्य प्रांत सरकारने १९२६ साली मान्य केली. रायपूर आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात होते आणि हा लढा दोन्हीकडच्या माणसांनी मिळून दिला, ही बाब मराठी वाचकाने अभिमानाने आठवावी. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत अगमदासांच्या पत्नी, खासदार मिनीमाता होत्या. त्या कायद्यात दागिने आणि उंची पोशाख वापरण्याला आडकाठी करणे हा गुन्हा मानला गेला. एवढ्याने काम भागले असते, तर पुढची ओळ लिहावी लागली नसती. २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. दलित-आदिवासींना सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पादत्राण किंवा नवे कपडे घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले गेले. २६ जानेवारी २०१६ पासून ही दुरुस्ती लागू आहे. एकविसाव्या शतकात देशाच्या संसदेला पादत्राण घालण्याचा हक्क शब्दांत लिहून द्यावा लागला, कारण तो हक्क प्रत्यक्षात अडवला जात होता. ज्या देशाच्या कायद्यात ही ओळ आहे, तिथे नवा बूट घालून चौकात उभे राहणे ही निव्वळ फॅशन म्हणून मोजता येत नाही.

रबराचा तळवा रायपूरला कसा पोचला, ही कहाणी रेल्वेची आहे. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा फाटा बंगाल-नागपूर रेल्वेने ताब्यात घेतला, १८८० च्या दशकात तो रायपूरपर्यंत नेला आणि १९०० सालापर्यंत हावडा ते नागपूर हा सरळ मार्ग तयार झाला. रायपूर मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधोमध आले. १८९४ साली युरोपातल्या झ्लिन गावात सुरू झालेल्या बाटा कंपनीने १९३१ च्या सुमारास हुगळीकाठच्या कोन्नगरला काम सुरू केले, आणि १९३४ साली कलकत्त्याजवळ बाटानगर वसवायला घेतले. तेव्हाचा बहुतांश हिंदुस्थान अनवाणी होता. छोट्याशा जखमेतूनही धनुर्वात होतो, म्हणून बूट घाला, अशी जाहिरात बाटाने केली. या कंपनीचा पांढरा कॅनव्हास बूट शाळांच्या कवायतीत गेला, हॉकीच्या मैदानावर गेला, पोलीस भरतीच्या रांगेत गेला. त्या बुटाने एक शांत काम केले. तो कोणत्याही जातीच्या मोच्याने कोणत्याही जातीच्या गिऱ्हाइकासाठी बांधलेला नव्हता. कारखान्यातून आकड्याच्या मापाने येणारा बूट पैसे देणाऱ्याचा होता, आणि कवायतीच्या मैदानावर सगळ्या रांगेच्या पायात एकच होता. त्याची किंमतही मोजावी लागली: गावच्या मोच्याची भंदई मागे पडली आणि तिच्याबरोबर ते कसबही. समतेचे एक साधन आले ते एका कारागिरीचा घास घेऊन आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यातली एक लपवून दुसरी सांगणे हा इतिहास होणार नाही.

या कॅनव्हास बुटाचे छत्तीसगढने जे केले, ते माझ्या म्हणण्याचा सगळ्यात बळकट पुरावा आहे. दिवाळीनंतर देवउठनी एकादशीपासून राऊत नाचा सुरू होतो. गुरे राखणारा राऊत समाज हातात तेंदूची लाठी घेऊन, दोहे म्हणत, वाद्यांच्या तालावर घरोघर फिरतो. डोक्यावर कलगीची पगडी, अंगात कवड्या टाचलेला अंगरखा, पायात घुंगरू आणि त्याबरोबर बूट-मोजे. मोजे भडक रंगाचे, डोळ्यांना कधी काळा चष्माही. हा वेश कोणा संचालकाने ठरवलेला नाही. बाजारात आलेली वस्तू गुराख्यांनी उचलली, घुंगरांशी जुळवली आणि आपल्या परंपरेत अशी बसवली, की आज बिलासपूरच्या राऊत नाच महोत्सवात बूट-मोज्यांशिवाय तो पूर्ण वाटत नाही. वर्षभर गुरांमागे फिरणारा माणूस वर्षातल्या सर्वात देखण्या दिवशी बूट घालतो, आणि तो सर्वांना दिसावा म्हणून नाचतो. खेळाचा बूट खेळापासून सोडवून स्वतःच्या ओळखीचा भाग करणे, यालाच तर न्यूयॉर्कमध्ये स्नीकर संस्कृती म्हणतात. राऊतांनी ती दुसऱ्या मार्गाने, कोणाचे न पाहता घडवली. तिथे कोणी नक्कल हा शब्द वापरत नाही. मग रायपूरच्या मॉलमधून घेतलेल्या बुटालाच तो शब्द का लावायचा?

आता आजचा काळ पाहू. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कबुतराचे चित्र असलेल्या नायकेच्या मोजक्या जोडांसाठी एवढी झुंबड उडाली, की पोलीस बोलवावे लागले. त्याच सुमारास छत्तीसगढ सरकारने तेंदूपाने गोळा करणाऱ्यांसाठी चरणपादुका योजना आणली. ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या दगडांवरून, काटे आणि सापांच्या रानात हे लोक पाने खुडतात. ५० पानांची एक गड्डी, १००० गड्ड्यांचा एक मानक बोरा. राज्यातल्या १२ लाखांहून अधिक कुटुंबांचा हा हंगाम. त्यांच्या पायांत चप्पल यावी ही कल्पना चांगलीच होती. १४ एप्रिल २०१८ रोजी, आंबेडकर जयंतीला, बिजापूर जिल्ह्यातल्या जांगला गावी पंतप्रधानांनी एका आदिवासी वृद्धेच्या पायात स्वतः चप्पल चढवली, तेव्हा ते चित्र देशभर गेले. पुढे सत्ता बदलली तशी योजना बंद पडली, आणि २०२३ नंतर सत्ता पुन्हा बदलली तशी ती पुन्हा सुरू झाली. या साऱ्यात एक गोष्ट तशीच राहिली: चप्पल कोणती, कोणत्या रंगाची, कधी मिळणार हे घालणाऱ्याने ठरवलेले नव्हते. मिळालेली चप्पल पायाचे रक्षण करते आणि त्याबद्दल कोणीही आभारच मानेल. पण रक्षण आणि निवड या दोन वेगळ्या गरजा आहेत. ज्याला पिढ्यान् पिढ्या पायात काय घालू नये हे सांगितले गेले, आणि नंतर काय घालावे हे दिले गेले, त्याच्या नातवाने पहिल्यांदा ‘मला हा हवा’ म्हणणे, यात मोठा टप्पा ओलांडलेला आहे.

यावर तीन आक्षेप उरतात आणि तिन्हींचे उत्तर द्यायला हवे. पहिला असा की स्नीकर जमवणारे बहुधा व्यापारी आणि नोकरदार घरांतले असतात. तेंदूपाने खुडणाऱ्यांचे किंवा सतनाम्यांचे दुःख त्यांच्या शौकाला जोडणे ही ओढाताण आहे. आजच्या संग्राहकांत सुस्थितीतले अधिक असणार, हे मी मान्य करतो. महागडा छंद पैशांशिवाय होत नाही. पण चालीरीतीचा अर्थ ती पाळणाऱ्याच्या जातीपुरता मर्यादित नसतो. शाळा, मैदान, मॉल आणि मोबाइल यांतून ही आवड सगळ्या वस्त्यांत पोचली आहे. ज्याला खरा जोड परवडत नाही तो ‘फर्स्ट कॉपी’ घेतो. त्या नकली बुटाकडे पाहून हसणारे एक विसरतात: ज्याच्या आजोबांना गल्लीतून वहाण हातात घेऊन जावे लागले, त्याला चारचौघांत बूट मिरवावासा वाटणे ही या इतिहासातली अगदी समजण्याजोगी गोष्ट आहे. दुसरा आक्षेप बाजाराचा. कंपन्या मुद्दाम मोजके जोड काढतात, भाव फुगतात, घेतलेला जोड नफ्यावर पुन्हा विकला जातो. यात कसली अभिव्यक्ती? हा आक्षेप खरा आहे आणि तो कंपन्यांना लागू होतो. ज्याने जोड केवळ विकण्यासाठी घेतला तो व्यापारी आहे, आणि त्याला संग्राहक म्हणण्याचे कारण नाही. पण पैठणीच्या बाजारात सट्टा आहे म्हणून पैठणी नेसणाऱ्या बाईची हौस खोटी ठरत नाही. १८५४ च्या विलायती बुटातही बाजार होता. तरीही तो घालणाऱ्याला जो ताठपणा मिळाला तो खरा होता.

तिसरा आक्षेप सर्वात सूक्ष्म आहे. बूट घालून मिरवणे हे म्हणणे सांगणे झाले. खोक्यात बंद करून ठेवलेला बूट कोणाला काय सांगतो? याचे उत्तर मला इतिहासाच्या साधनांतच दिसते. राजांच्या मोजड्या संग्रहालयांत राहिल्या, संतांच्या पादुका देवळांत राहिल्या. सामान्य माणसाची पादत्राणे झिजून फाटली, फेकली गेली, चुलीत गेली. ज्या पनह्या मालगुजाराच्या दारी हातात घ्याव्या लागल्या त्यांतली एखादी, कोणाची, कोणत्या गावची, अशी नोंद लावून कोणी जपली नाही, कारण ती जपण्याजोगी वस्तू आहे असे कोणालाच वाटले नाही. संग्राहक नेमके हेच करतो. तो साल नोंदवतो, घडणावळ ओळखतो, मूळ खोके आणि पावती सांभाळतो, खरे-खोटे टाक्यावरून पारखतो. सामान्य माणसाच्या पायातली वस्तू स्मरणात ठेवण्याजोगी आहे, हे त्याच्या फळीचे म्हणणे आहे, आणि छत्तीसगढने ते आजवर कधी ऐकले नव्हते. म्हणून मला या तरुणांकडून मागायचे आहे ते छंद सोडणे नव्हे, तर तो पुरता करणे. जॉर्डनच्या जोडाशेजारी गावच्या मोच्याने बांधलेली भंदई हवी, तिच्याखाली कारागिराचे नाव आणि गाव हवे. राऊताचा घुंगरांनी घासलेला कॅनव्हास हवा. तेंदूच्या रानात झिजलेली चरणपादुका हवी. ती पारख, ती चिकाटी या मुलांकडे आहे. भंदई बांधणारे जे थोडे हात उरले असतील त्यांच्यापर्यंत पोचायला फार वेळ उरलेला नाही. तशी एक फळी रायपुरात उभी राहिली, तर वहाणेची जागा कुठे हे ठरवण्याचा जुना हक्क त्या म्हणीकडून कायमचा काढून घेतलेला असेल.